दादाची पोस्ट, माझं मशीन

उत्तरेकडच्या हिमनदीच्या पायथ्याशी असलेल्या हेलिकॉप्टर युनिटमध्ये माझी बदली झाली, तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी हवाईदलात सार्जंट होतो. काम ग्राउंड क्रूचं. हेलिकॉप्टर उडण्याआधी ते उडण्यालायक आहे की नाही, हे तपासून सांगणारा माणूस. उडवणारा मी नव्हे. हे आधीच सांगून टाकतो, कारण गावाकडे हवाईदल म्हटलं की लोक मला पायलटच समजतात, आणि प्रत्येक वेळी दुरुस्ती करताना मी खजील होतो.

आमचं घर पेठला, पुणे-नाशिक रस्त्यापासून थोडं आत. आजोबा फौजेत होते. वडील, म्हणजे आबा, नाईक या हुद्द्यावरून फौजेतून निवृत्त झाले. थोरला भाऊ अशोकदादा दहावीनंतर भरतीला गेला आणि पायदळात लागला. त्या घरातून पायदळ सोडून दुसरीकडे गेलेला मी पहिलाच. बारावीला सायन्स होतं, हवाईदलाची परीक्षा दिली, पास झालो. बोलावणं आलं त्या दिवशी आबा आईला म्हणाले, "तुझं धाकटं पंख्याखाली बसून लढणार."

तिथून घरात दोन सैन्यं झाली. दादा आम्हाला 'पंखेवाले' म्हणायचा. मी त्यांना 'तंगडतोडे'. रजा जुळल्या की आबा मध्ये बसायचे आणि आगीत तेल ओतायचे. कोणाचा बूट जास्त चमकतो, कोणाच्या मेसचं मटण चांगलं, कोणाची परेड सरळ, यावर जेवणं गार व्हायची. पुढे दादा हवालदार झाला आणि मी सार्जंट. दोघांच्या बाहीवर तीन फिती. रँक बरोबरीची, त्यामुळे भांडण मिटायची सोयच राहिली नाही.

माझं लग्न पिंपरी पेंढारच्या संगीताशी झालं. त्या वेळी मी पंजाबमधल्या एका स्टेशनवर होतो. वर्षभरात क्वार्टर मिळालं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे चार वाफे. हवाईदलातलं कुटुंबाचं आयुष्य असं असतं: सकाळी सायकलींची रांग हँगरकडे जाते, पोरांची बस शाळेकडे जाते, बायका कँटीनच्या दिवशी पिशव्या घेऊन निघतात. रविवारी उघड्यावर सिनेमा. शेजारी कोणी केरळचं, कोणी बिहारचं. संगीता वर्षभरात हिंदी शिकली, राजमा शिकली, आणि शेजारणीला पिठलं शिकवलं. विमानांच्या आवाजात वाढलेली पोरं झोपेतून उठत नाहीत, उलट आवाज थांबला की उठतात, हेही तिथंच कळलं.

दादाची पलटण तेव्हा आमच्यापासून दोन तासांवरच्या छावणीत होती. त्याला फॅमिली क्वार्टर मिळत नव्हतं, नंबर फार मागे होता. कमलवहिनी लग्नानंतर पेठलाच होत्या. मी दादाला कळवलं, वहिनींना आणि पल्लवीला आमच्याकडे पाठव, तू रविवारी येत जा. पल्लवी त्याची मुलगी, तेव्हा तीन वर्षांची. त्या दोघी महिनाभर आमच्याकडे राहिल्या.

पहिल्याच रविवारी आमच्या स्टेशनची आणि छावणीची व्हॉलीबॉलची मॅच होती. दादा आला तो थेट मैदानावर, आणि समोरच्या बाजूला उभा राहिला. त्यांचा एक गडी कमी होता. आमच्या ब्लॉकमधले सगळे ओरडत होते, "सार्जंट, तेरा भाई गद्दार निकला!" दादाचा स्मॅश परतवणं आमच्यातल्या कोणालाही जमलं नाही. संगीता आमच्या बाजूने टाळ्या वाजवत होती आणि वहिनी तिच्याच शेजारी बसून पायदळाच्या बाजूने. डोक्यावरचा पदर सावरत वहिनी मोठ्याने ओरडल्याचं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. आम्ही हरलो. बक्षीस म्हणून मिळालेले स्टीलचे सहा पेले दादाने आमच्या ओट्यावर आणून ठेवले.

"घे. पायदळाकडनं हवाईदलाला मदत."

त्या महिन्यातली एक गोष्ट मात्र मला चांगली आठवते. एका संध्याकाळी वहिनी दारात उभ्या होत्या. हँगर सुटला होता, सायकली परत येत होत्या, ब्लॉकमध्ये दारं उघडत होती. बराच वेळ पाहून त्या संगीताला म्हणाल्या, "हितं समदी माणसं रोज घरी येत्यात व्हय?"

"येतात ना," संगीता म्हणाली. तिच्या आवाजात थोडा तोरा होता. माझ्याही होता. मी आतून म्हणालो, "वहिनी, दादाला सांगा आमच्यात बदली करून घ्यायला."

वहिनी हसल्या नाहीत. मी नव्या फ्रिजमधलं पाणी त्यांना आणून दिलं. आज ते आठवलं की कसंसंच होतं. आम्ही दोघं नवराबायको त्यांना आमचा संसार दाखवत होतो, आणि त्या तो नीट बघत होत्या.

त्यानंतर काही वर्षांनी मी हिमनदीच्या युनिटमध्ये गेलो. तिथे कुटुंब नेता येत नाही. संगीता तोवर झालेल्या आमच्या मुलाला घेऊन पंजाबच्या क्वार्टरमध्येच राहिली. सहा महिन्यांत दादाची पलटण त्याच भागात आली आणि मग वरच्या पोस्टवर जाण्याची त्याच्या कंपनीची पाळी आली.

आमची हेलिकॉप्टरं लहान. पुढे दोन वैमानिक, मागे थोडी जागा. वर जाताना रॉकेल, डाळ, औषधं, टपाल. खाली येताना आजारी माणसं. त्या उंचीवर हवा इतकी विरळ की मशीन आपल्या ताकदीच्या शेवटच्या टोकावर उडतं. म्हणून तिथला पहिला नियम असा की एकटं हेलिकॉप्टर जात नाही. दोन जातात. एक कुठे पडलं तर दुसऱ्याला ते कुठे पडलं हे माहीत असावं, इतकाच त्याचा अर्थ.

वर जाण्याआधी दादा आम्हाला भेटायला आला. पांढरा कोट, चेहरा उन्हाने काळा पडलेला. मी त्याला मेसच्या मगमध्ये चहा दिला आणि संगीताने पाठवलेलं लोणचं बांधून दिलं. तो हेलिकॉप्टरभोवती एक चक्कर मारून आला आणि त्याने पत्र्यावर थाप दिली.

"एवढ्याशा डब्यात बसून जाता व्हय तुमी? मंचरच्या बाजाराच्या टेम्पोला यापरीस जागा आसती."

"बसायचंय का?"

"बसीव की."

"तसं नाही बसता येत. आजारी पडलास तरच."

माझे सगळे साथीदार हसले. दादाही हसला. "मंग नगं राव. पायीच बरं."

तो वर गेला. त्यांची पोस्ट आमच्या यादीतल्या सगळ्यात उंच पोस्टपैकी एक होती. आमची मशीनं तिथे जात होती, येत होती. येणाऱ्या वैमानिकांकडून कधी कळायचं की वर सगळे ठीक आहेत. मला तेवढं पुरायचं.

थंडी संपता संपता एका दुपारी पोस्टवरून वायरलेसवर मागणी आली. एक पेशंट, श्वासाचा त्रास, हेलिकॉप्टर पाहिजे. उंचीवर फुप्फुसात पाणी भरतं. त्याला उपाय एकच, माणसाला लवकरात लवकर खाली आणणं. उड्डाणं ठरवणाऱ्या आमच्या ऑप्स रूमशेजारच्या तंबूत सेनेचा सिग्नलवाला बसायचा. तो मला ओळखत होता. तो बाहेर आला आणि म्हणाला, "सार्जंट साब, हवलदार रोकडे. आपका भाई है ना?"

त्या दुपारी दोन मशीनं गेली आणि अर्ध्या वाटेवरून परत आली. पुढे ढगाशिवाय काही दिसत नव्हतं. दुसऱ्या दिवशी वारा आणि बर्फ. कोणीच उडालं नाही. सेनेची स्वतःची हेलिकॉप्टरंही होती. ती पलीकडच्या सेक्टरमध्ये अडकली होती. पायी खाली आणायचा रस्ता नव्या बर्फाने बंद झाला होता. पोस्टवर ऑक्सिजन होता, नर्सिंग असिस्टंट होता. ते जेवढं करता येईल तेवढं करत होते.

आमच्या वॉरंट ऑफिसरना मी सांगितलं की वर माझा भाऊ आहे. ते म्हणाले, "तू आराम कर. मैं दूसरा आदमी लगाता हूँ।" मी नको म्हणालो. दादाला आणायला जाणारं मशीन मी माझ्याच हाताने तपासणार होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी आकाश उघडलं. हवामानवाल्यांनी सांगितलं, दोनेक तास मिळतील, जास्त नाही. दोन मशीनं बाहेर काढली. दोनच होती. तिसरं मोठ्या सर्व्हिसिंगसाठी मागच्या बेसवर गेलं होतं. दुसऱ्या मशीनवर फ्लाइट लेफ्टनंट बरुआ होते, आसामचे, वयाने माझ्यापेक्षा लहान. हेल्मेट घालून ते बसून तयार होते.

हेलिकॉप्टरच्या गिअर बॉक्समध्ये एक छोटा चुंबकी प्लग असतो. तेलात लोखंडाचे कण आले तर ते त्याला चिकटतात. पिठासारखी भुकटी नेहमीच असते, ती पुसून टाकायची. मी बरुआ साहेबांच्या मशीनचा प्लग काढला. त्यावर भुकटी नव्हती. तुकडा होता. तांदळाच्या कणीएवढा, चकचकीत. तुकडा निघाला याचा अर्थ आतलं काहीतरी झिजून तुटायला लागलं आहे.

वॉरंट ऑफिसरनी भिंग लावून पाहिलं. नियमाप्रमाणे प्लग साफ केला, मशीन जमिनीवरच थोडा वेळ चालवलं, बंद केलं, प्लग पुन्हा काढला. या वेळी दोन तुकडे होते.

माझ्या जागी दुसरा कोणी असता तर त्यालाही ते दिसलेच असते. हे मी स्वतःला फार वेळा सांगितलं आहे. मी बरुआ साहेबांच्या बाजूला गेलो.

"सर, मशीन अनसर्व्हिसेबल है।"

त्यांनी आधी आकाशाकडे पाहिलं. "सुधाकर, ऊपर पेशंट है।"

"मालूम है, सर।"

पेशंट कोण आहे ते त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही. त्यांनी हेल्मेट काढलं आणि खाली उतरले. पहिल्या मशीनचा कॅप्टन फ्लाइट कमांडरकडे धावत गेला आणि एकट्याने जाऊ द्या म्हणाला. फ्लाइट कमांडर म्हणाले, "नो. अकेला कोई नहीं जाएगा।" मागच्या बेसवरून दुसरं मशीन मागवलं. तिकडच्या खिंडीत ढग होते. ते निघेपर्यंत आमच्याकडचं आकाश पुन्हा बंद झालं.

दुपारी सिग्नलवाल्याने मला आत बोलावलं. "पेशंट बात करना चाहता है।" त्याने हँडसेट माझ्या हातात दिला. आधी नुसती खरखर आली. मग श्वास ऐकू आला.

"सुध्या?"

"हां दादा."

"मशीनचा आवाज आला न्हाई."

"गिअर बॉक्समधून लोखंड निघालं. मी बंद केलं मशीन."

पलीकडे थोडा वेळ श्वासच चालू राहिला.

"दुसरं?"

"मागून येतंय. उद्या सकाळी."

"बरं." मग थांबून थांबून तो म्हणाला, "म्हंजी पायदळानं थांबायचं. न्हेमीसारखं."

मी हसलो. खरोखर हसलो, मोठ्याने, जसा घरी हसायचो तसा. तो विनोद करतोय म्हणजे तो बरा आहे, असं वाटलं मला. सिग्नलवाला माझ्याकडे पाहत राहिला.

"ओव्हर म्हन की," दादा म्हणाला. "शिकवत न्हाईत का हवाईदलात?"

"ओव्हर," मी म्हणालो.

त्यानंतर नर्सिंग असिस्टंटने सेट घेतला. आमचं बोलणं तेवढंच.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमाराला दादा गेला. मागून येणारं मशीन सकाळी सातच्या आत पोहोचलं. हवा स्वच्छ होती. पहिल्या मशीनच्या जोडीने बरुआ साहेब त्याच मशीनवर गेले आणि दादाला घेऊन आले. उतरल्यावर मागचं दार मी उघडलं, ते माझंच काम होतं. वॉरंट ऑफिसरनी बरुआ साहेबांना बाजूला नेऊन काही सांगितलं. ते परत आले आणि माझ्याशेजारी उभे राहिले. आम्ही दोघांनी मिळून दादाला उतरवलं.

हवाईदलाच्या मालवाहू विमानातून मी त्याला पुण्याला आणलं. आमच्या विमानात तो पहिल्यांदाच बसला होता. पुण्याहून सेनेच्या ट्रकमधून पेठ. रस्त्याला दुतर्फा माणसं होती, पारगावपासून आलेली, वहिनींच्या माहेरची. विहारासमोर त्रिसरण झालं, मग सलामी. हिरव्या वर्दीतल्या जवानांमध्ये मी एकटा निळ्या वर्दीत होतो. गर्दीतलं कोणीतरी म्हणालं, "दोन्ही भाऊ देशासाठी, राव." ते ऐकून कुठे तोंड लपवावं असं झालं. माझा एक केससुद्धा वाकडा झाला नव्हता.

तिसऱ्या दिवशी पाहुणे कमी झाल्यावर अंगणात आबा, आई आणि वहिनी बसले होते. मी सगळं सांगितलं. हवा, वारा, उघडलेलं आकाश, प्लग, मी काय म्हणालो ते. लपवलं काही नाही. आबा फौजेतले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "बरोबर केलंस."

वहिनींनी विचारलं, "केवढा व्हता तुकडा?"

मी माझ्या करंगळीचं नख दाखवलं, त्याचं नुसतं टोक.

"एवढासा?" त्या म्हणाल्या.

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच समजत नव्हतं. मला समजत होतं, तरी त्या क्षणी ते नख मुठीत लपवावंसं वाटलं.

काही महिन्यांनी त्या गिअर बॉक्सचा तपास झाला. आतलं बेअरिंग फुटत आलं होतं. आमच्या इंजिनिअरिंग ऑफिसरनी मला बोलावून सांगितलं, की ते मशीन गेलं असतं तर वरून परत आलं नसतं. वैमानिक गेले असते आणि पेशंटही गेला असता. मी 'यस सर' म्हणालो. हे घरी कळवावं की नाही, यावर मी बरेच दिवस घालवले. कळवणं म्हणजे माफी मागितल्यासारखं वाटत होतं, आणि माफी तर कोणी रोखून धरलीच नव्हती. शेवटी आबांना कळवलं.

त्या कामाबद्दल मला हवाईदलाचं प्रशंसापत्र मिळालं. छातीवर लावायचा बिल्ला. समारंभ पंजाबच्या स्टेशनवर झाला. शामियाना, बँड, कुटुंबांसाठी खुर्च्या. बरुआ साहेबांची बायको मुद्दाम आली होती. तिला दिवस गेले होते. तिने संगीताला घट्ट मिठी मारली आणि मिठाईचा डबा दिला. ब्लॉकमधल्या सगळ्या बायका संगीताभोवती जमल्या. मेसमध्ये त्या दिवशी माझ्या नावाने चहा होता.

घरी येताना संगीता माझ्या पुढे पुढे चालत होती. क्वार्टरच्या दाराशी थांबून म्हणाली, "तुमचं नाव पुकारलं तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. सगळ्या बघत होत्या माझ्याकडं. वहिनी डोळ्यांपुढं होत्या, तरी वाजवल्या."

मी म्हणालो, "मी पण छाती पुढं काढून उभा होतो."

मिठाई आम्ही शेजारच्या पोरांना वाटून टाकली.

गावाकडे आणखी एक गोष्ट झाली, ती कोणी बोलून दाखवली नाही. आबांनी माझी थट्टा करणं बंद केलं. मी रजेवर गेलो की ते मला बसायला खुर्ची द्यायचे, तब्येत विचारायचे, पोराचा अभ्यास विचारायचे. पाहुण्यांना सांगायचे, "हे आमचे धाकटे, हवाईदलात हैत." आम्हाला कधी 'हे' म्हणणारे आबा नव्हते. एकदा मीच मुद्दाम म्हणालो, "आबा, पायदळाचे बूट आता आमच्यापेक्षा बरे आलेत म्हणे." त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "आसतील." त्या एका शब्दाने मी जितका मेलो, तितका वहिनींच्या प्रश्नानेही मेलो नव्हतो.

नोकरीची मुदत संपल्यावर आम्ही पेठला परत आलो. तोवर वहिनींनी स्वतःचं बस्तान बसवलं होतं. घरामागच्या जमिनीत शेडनेट घालून टोमॅटो आणि फ्लॉवरच्या रोपांची नर्सरी केली होती. जुन्नरपासून शेतकरी ट्रे घ्यायला यायचे. गिऱ्हाइकाशी बोलताना त्यांचा आवाज चांगला खणखणीत लागायचा. पल्लवी मंचरच्या कॉलेजात जाऊ लागली होती. वहिनी माझ्याशी नीट बोलायच्या, कामं सांगायच्या, सणाला ताट पाठवायच्या. दादाच्या त्या दिवसांबद्दल मात्र आमच्यात पुन्हा शब्द निघाला नव्हता.

मग एक दिवस बरुआ साहेबांचा फोन आला. ते आता विंग कमांडर झाले होते. नाशिकहून पुण्याला कुटुंबासह जात होते. म्हणाले, "सुधाकर, रास्ते में तुम्हारा गाँव है। भाभीजी से मिल सकता हूँ?"

मी वहिनींना विचारलं. त्या रोपांच्या ट्रेमध्ये कोकोपीटचा भुसा भरत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "येऊ द्या की."

ते आले. साध्या कपड्यांत, केस पांढरे व्हायला लागलेले. बरोबर बायको आणि सात-आठ वर्षांची मुलगी. आबा आता फार थकले होते, पण विंग कमांडर आत आल्यावर ते कॉटवरून उठून सावधानमध्ये उभे राहिले. बरुआ साहेबांनी त्यांना धरून बसवलं आणि पायांना हात लावला. दादाच्या फोटोसमोर ते बराच वेळ उभे होते. मुलगी पल्लवीचा हात धरून रोपं बघायला गेली.

वहिनी चहा करायला आत गेल्या. मी मागोमाग गेलो. त्यांनी दूध ठेवलं होतं आणि खिडकीतून शेडनेटकडे बघत होत्या. मुलगी एकेका रोपाला बोट लावत होती.

"ही त्या टायमाला व्हती का?"

"नाही. नंतर झाली."

दूध वर आलं. त्यांनी गॅस बारीक केला.

"भाऊजी, तुमी केलं ते बरोबर आसंल. मशीनचं कळलं ते आबांनी सांगितलंय मला. पर मला त्याचा आनंद व्हत न्हाई. ह्या मानसाला बघून वाटलं आता तरी व्हईल. त्या पोरीला बघून वाटलं. न्हाई व्हत." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "चालंल ना?"

इतक्या वर्षांत मला कोणी काही विचारायचं राहिलं असेल, तर ते हेच होतं. सगळ्यांनी मला बरोबर म्हटलं होतं आणि त्यापुढे मला काही बोलताच आलं नव्हतं.

"चालेल वहिनी," मी म्हणालो. "मलाही होत नाही."

"मग च्या न्या भाईर. गार व्हईल."

आम्ही बाहेर बसलो. बरुआ साहेबांनी वहिनींना पोस्टबद्दल सांगितलं. वहिनींनी न विचारता, आणि काही गोड न करता. जागा केवढी होती, माणसं कशी झोपायची, थंडी किती असायची. वहिनी ऐकत होत्या. मध्येच त्यांनी विचारलं, "बहोत ठंड था क्या, उस दिन?" बरुआ साहेब म्हणाले, "जी. बहोत."

मग ते माझ्याकडे वळले. म्हणाले, त्यांना एक गोष्ट विचारायची होती, इतकी वर्षं राहून गेली. दादा आजारी पडण्याआधी त्या पोस्टवर ते पुष्कळदा उतरले होते. पंखा चालूच ठेवायचा, सामान टाकायचं आणि निघायचं, एवढाच वेळ. सामान उतरवून झालं की एक हवालदार प्रत्येक वेळी पुढे यायचा, काचेवर दोनदा थाप मारायचा आणि काहीतरी ओरडायचा. आवाजात ऐकू काहीच येत नसे. पण दर वेळी तेच तोंड, तेच ओठ. एकदा खालच्या कॅम्पवर सामान घ्यायला आलेला तोच हवालदार इंजिन बंद असताना भेटला आणि जाताना त्याने तेच म्हटलं, तेव्हा ते ऐकू आलं. बरुआ साहेबांना वाटलं, पायदळाची एखादी आरोळी असेल, किंवा हवाईदलाला दिलेली शिवी. त्यांनी ते तसंच लक्षात ठेवलं होतं.

"क्या था वो?" मी विचारलं.

त्यांनी जपून, एकेक अक्षर लावत म्हटलं, "साव-काश जावा."

त्यांची बायको आमच्या तोंडाकडे पाहू लागली. आबांनी कॉटवर तोंड भिंतीकडे फिरवलं. आमच्याकडे दारातून निघणाऱ्या प्रत्येक माणसाला हे म्हणतात. बाजाराला निघाला तरी म्हणतात.

वहिनींनीच उत्तर दिलं. टीव्हीवर ऐकलेल्या हिंदीत.

"बोलता था, धीरे जाना. संभालके जाना."

बरुआ साहेबांनी मान खाली घातली.

हवालदार अशोक रोकडे, पायदळ. वय पस्तीस. त्या वरच्या पोस्टवर जेवढा काळ तो उभा होता, तेवढा काळ आमची मशीनं तिथे उतरत होती आणि उडत होती. आमच्या पंख्याच्या आवाजात आम्हाला काही ऐकू येत नाही, हे त्याला माहीत होतं. तरी प्रत्येक मशीनला तो ते म्हणत होता.